शेडसाठी सौर वीज : बॅटरीत किती साठवावी, पाण्यात किती?

दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात शेती आणि महानगर एकमेकांना खेटून नांदतात. नजफगढ, सोनीपत, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यातील शेतकऱ्यांचा भाजीपाला रात्री निघून पहाटे आझादपूरच्या बाजारात उतरतो. बाजार इतका जवळ असूनही या शेतकऱ्याची अडचण कोपरगावच्या किंवा जुन्नरच्या शेतकऱ्यापेक्षा निराळी नाही. भाव पडलेल्या दिवशी माल थोपवून धरण्याची सोय त्याच्याकडे नसते. शेडमध्ये दिवा, पंखा आणि थंडाव्याची खात्रीची व्यवस्था झाली तर ‘आज विकायचे की उद्या’ हा निर्णय काही अंशी त्याच्या हाती येतो. डिझेल जनरेटर हा त्यावरचा जुना उपाय. मात्र हिवाळ्यात हवेची गुणवत्ता घसरली की या क्षेत्रात जनरेटरच्या वापरावर निर्बंध येतात. शिवाय इंधनाचा खर्च लहान शेतकऱ्याला परवडत नाही. त्यामुळे शेडच्या छतावरील सौर पॅनेल हा साहजिक पर्याय ठरतो. मात्र सूर्य मावळल्यानंतर काय, हा प्रश्न पॅनेल बसवण्याआधीच सोडवावा लागतो.

पुसा येथील दोन प्रयोग

या प्रश्नाचे एक विचारप्रवर्तक उत्तर दिल्लीतच, पुसा परिसरातील भारतीय कृषी संशोधन संस्थेत मिळते. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात या संस्थेने ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ विकसित केला. विटांच्या दुहेरी भिंती, त्यांमधील सुमारे साडेसात सेंटिमीटरच्या पोकळीत वाळू आणि त्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, इतकीच त्याची रचना. पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते आणि कक्ष थंड होतो. महाराष्ट्रातील अनेक कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रक्षेत्रावर हा कक्ष वाचकांनी पाहिला असेल.

त्याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे ‘पुसा फार्म सनफ्रिज’. संस्थेच्या शास्त्रज्ञ डॉ. संगीता चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या सहकार्याने हे शीतगृह विकसित झाले. सुमारे दोन टन नाशवंत माल सामावणाऱ्या या रचनेत बाष्पीभवनाने थंड राहणाऱ्या भिंती आणि सौर विजेवर चालणारे शीतयंत्र यांची सांगड घातली आहे. वीज साठवण्यासाठी बॅटऱ्यांचा संच त्यात नाही. ऊन असताना शीतयंत्र चालते, थंडावा पाण्यात साठतो आणि तो रात्री उपयोगी पडतो. म्हणजे साठवण होतेच; मात्र ती विजेची नसून थंडाव्याची असते.

हा भेद प्रत्येक शेडधारकाने समजून घेण्यासारखा आहे. एक हजार लिटर पाणी १५ अंशांवरून ५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले, तर त्यात सुमारे ११.६ युनिट इतका थंडावा साठतो. शीतयंत्र एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकते असे धरले, तर त्यासाठी सुमारे ३.९ युनिट वीज लागते. हेच काम रात्री बॅटरीवर करायचे ठरवल्यास, वहनातील तूट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य धरून, साडेपाच ते सहा युनिट क्षमतेची लिथियम बॅटरी घ्यावी लागेल. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. पाण्याची टाकी मात्र उष्णतारोधक आवरण नीट असेल तर वर्षानुवर्षे काम देते. बर्फाच्या रूपात साठवण आणखी दाट होते: १०० किलो बर्फ वितळताना सुमारे ९.३ युनिट उष्णता शोषतो.

भाराची वही

म्हणून शेडचे नियोजन करताना पहिले काम पॅनेल निवडण्याचे नसून भाराची वही मांडण्याचे आहे. प्रत्येक उपकरणासमोर तीन रकाने असावेत: किती वॅट, किती तास आणि दिवसा की रात्री. यांतील तिसरा रकाना बहुतेक वेळा सुटतो आणि तिथेच खर्च वाढतो.

उदाहरणादाखल एक मध्यम गोठा-शेड घेऊ. दहा वॅटचे चार एलईडी दिवे रात्री सहा तास चालले तर २४० वॅट-तास. तीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे रात्री दहा तास चालले तर ६०० वॅट-तास. कॅमेरा आणि राउटर मिळून २० वॅट, चोवीस तास, म्हणजे ४८० वॅट-तास. त्यांपैकी निम्मे रात्रीचे. रात्रीचा एकूण भार १,०८० वॅट-तास होतो. इन्व्हर्टर आणि तारांमधील तूट १५ टक्के धरल्यास बॅटरीने सुमारे १,२७० वॅट-तास द्यायला हवेत.

ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, या हिशेबाने सुमारे २,५४० वॅट-तास क्षमता लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या ही गरज भागवून थोडी शिल्लक ठेवतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, त्यामुळे सुमारे १,६०० वॅट-तास पुरतात, २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचा एक संच घेतल्यास पुरेसा राखीव साठा राहतो.

कडबाकुट्टी या हिशेबात मुद्दाम घेतलेली नाही. दोन अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे दीड किलोवॅट भार देते. पण सुरू होतानाच्या क्षणी तिचा प्रवाह पाच-सहा पट होतो. तेवढ्या एका क्षणासाठी इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही मोठी घेणे परवडणारे नाही. कुट्टीचे काम दिवसा, महावितरणच्या किंवा स्थानिक वितरण कंपनीच्या विजेवर करावे. सौर पंप असलेल्या शेतकऱ्याला आणखी एक मार्ग आहे. पीएम-कुसुम योजनेत ‘युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर’ची तरतूद आहे. त्याद्वारे पंप बंद असलेल्या दिवसांत त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की किंवा शीतपेटी चालवता येते.

उन्हाळा, पावसाळा, धुके

दिल्लीचे हवामान सौर संचाची तिन्ही बाजूंनी परीक्षा घेते. मे-जूनमध्ये ऊन भरपूर असते, पण पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापू शकतो. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि पुढे प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. म्हणजे ऐन दुपारी १२ ते १६ टक्के उत्पादन उष्णतेतच जाते. पॅनेल आणि पत्रा यांच्यात हवा खेळण्याइतकी मोकळी जागा ठेवली तर ही घट कमी होते आणि शेडही थंड राहते. याच काळात येणाऱ्या धुळीच्या वादळांत सैल बसवलेले पॅनेल उडून जाते. त्यामुळे चौकट पत्र्याला न जोडता खालच्या लोखंडी कैचीला बोल्टने जखडावी.

पावसाळ्यात बाष्पीभवनाचा थंडावा जवळजवळ निकामी ठरतो, कारण हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. कोरड्या हवेत एक लिटर पाणी उडून जाताना अर्ध्या युनिटहून अधिक उष्णता नेते. जुलै-ऑगस्टमध्ये ते पाणी उडतच नाही. ओल्या भिंती विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उत्तम काम देतात, कोकणात मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. तिथे यांत्रिक शीतकरण आणि चांगले उष्णतारोधन यांवरच भर द्यावा.

डिसेंबर-जानेवारीत धुके आणि धूर यांमुळे दिवसचे दिवस ऊन मंदावते. एरवी एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. दाट धुक्याच्या दिवशी एका युनिटचीही खात्री नसते. इथे भाराची वही पुन्हा उपयोगी पडते. थंडीत पंखे बंद असतात, त्यामुळे वरील शेडचा दिवसभराचा भार १,३२० वरून ७२० वॅट-तासांवर येतो. पूर्ण भारलेला १०० अँपिअर-तासाचा लिथियम संच तूट वजा जाता सुमारे १,७४० वॅट-तास देतो, म्हणजे ऊन अजिबात नसले तरी दोन दिवस निभावतात. एक किलोवॅटचे पॅनेल आणि हा संच या शेडला पुरतो. संच ठरवताना प्रत्येक हंगामातील ऊन त्या हंगामातील भाराशी ताडून पाहावे. सर्वांत वाईट दिवसाची सर्वांत मोठ्या भाराशी गाठ घालून विनाकारण मोठा संच घेऊ नये.

बॅटरीची जागा

बॅटरीचे आयुष्य तिच्या प्रतीइतकेच तिच्या जागेवर ठरते. तापमान सातत्याने दहा अंशांनी अधिक राहिले तर लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते. पत्र्याच्या शेडमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला लागून बॅटरी ठेवणे म्हणजे तिला दररोज भाजणे. उत्तरेकडील सावलीची, जमिनीपासून उंचावर असलेली, हवेशीर जागा निवडावी. लेड-ॲसिड बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू सोडते, म्हणून ती बंद पेटीत किंवा कडब्याच्या गंजीजवळ कधीही नसावी. गोठ्यातील अमोनिया तांब्याची टोके खातो. त्यामुळे बॅटरी आणि इन्व्हर्टर जनावरांच्या जागेपासून भिंतीआड ठेवावेत. पॅनेलकडून येणाऱ्या डीसी तारेवर स्वतंत्र खटका, योग्य क्षमतेचा फ्यूज, वीज पडण्यापासून संरक्षण देणारे उपकरण आणि चांगले अर्थिंग या चार गोष्टींत काटकसर करू नये. डीसी प्रवाहातील ठिणगी सहज विझत नाही, म्हणून घरगुती एसी खटके तिथे चालत नाहीत.

एक नेहमीचा गैरसमज

विस्तार कार्यकर्त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. विद्युतवाहिनीला जोडलेला साधा सौर संच वीज गेल्यावर स्वतःहून बंद पडतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षेसाठी तशी रचना असते. वीज नसतानाही दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेचे, तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेसाठी ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. शेडची जोडणी कोणत्या वर्गात मोडते हे वितरण कंपनीकडून आधी तपासून घेतल्यास पुढचा मनस्ताप टळतो.

शिफारस

शेडधारकाने कामांची तीन भागांत वाटणी करावी. कुट्टी, पाणी उपसा, धुलाई ही कामे ऊन असतानाच उरकावीत. त्यांना साठवणीची गरज नाही. थंडावा पाण्यात किंवा बर्फात साठवावा. बॅटरीवर फक्त दिवे, पंखे आणि कॅमेरा ठेवावेत. थंडाव्याचे तापमानही पिकानुसार ठरवावे: पालेभाज्या, फुलकोबी, गाजर यांना जवळजवळ शून्य ते पाच अंश मानवतात, तर टोमॅटो, वांगी, भेंडी यांना दहा अंशांखाली शीतइजा होते. दोन्ही प्रकारचा माल एकाच कक्षात कोंबला तर साठवलेली ऊर्जाही वाया जाते आणि मालही.

अशी वाटणी केल्यास बॅटरीचा आकार, आणि त्याबरोबर संचातील सर्वांत महाग व सर्वांत आधी बदलावा लागणारा भाग, आटोक्यात राहतो. भाव पडलेल्या दिवशी दोन दिवस थांबण्याची मुभा शेतकऱ्याला मिळावी, हा या गुंतवणुकीचा खरा हेतू आहे. तो साधण्यासाठी खरेदीच्या दुकानात जाण्यापूर्वी भाराची वही पूर्ण झालेली असावी.