चोरवाटांचे वाटाडे

केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील तेक्कडी म्हटले की प्रथम आठवतो तो तेथील तलाव आणि त्याच्या पाण्यातून वर आलेली निष्पर्ण, काळी खोडे. १८९५ मध्ये मुल्लपेरियार धरण पूर्ण झाले, पाणी चढले आणि अरण्याचा एक भाग त्याखाली गेला. त्या वनराईची एवढीच खूण आता उरली आहे. या तलावाभोवती पसरलेल्या पेरियार अरण्याचा १९७८ मध्ये व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. त्याचे आजचे क्षेत्रफळ सुमारे ९२५ चौरस किलोमीटर आहे.

बहुसंख्य पर्यटक येथे बोटीतून फेरी मारतात, काठावर हत्ती दिसला की छायाचित्र काढतात आणि परततात. ३० सप्टेंबर २००९ रोजी याच तलावात ‘जलकन्यका’ ही प्रवासी बोट उलटून ४५ जणांना जलसमाधी मिळाली. काठावरील प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एकाच बाजूला गेल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. अरण्यातील सहलीच्या नियोजनात किती माणसे, कोणाबरोबर आणि कोणत्या शिस्तीने जाणार हे आधी ठरवावे लागते. काय दाखवायचे हा त्यानंतरचा प्रश्न.

पेरियारमध्ये ‘कोणाबरोबर’ या प्रश्नाचे मोठे विलक्षण उत्तर शोधले गेले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९६ मध्ये येथे पर्यावरण-विकास प्रकल्प सुरू झाला. त्या काळी ‘वयणा’ म्हणजे रानदालचिनीची साल चोरून विकणाऱ्यांचा सुळसुळाट होता. साल सोलली की झाड वाळते. हे लोक दिवसचे दिवस जंगलात मुक्काम करीत. प्रत्येक पाणवठा आणि प्रत्येक चोरवाट त्यांना तोंडपाठ होती. वनाधिकाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणी केली. खटले मागे घेण्याच्या बोलीवर वीसेक जणांनी हा धंदा सोडला, त्यांची समिती स्थापन झाली आणि तेच पर्यटकांचे मार्गदर्शक बनले. ‘टायगर ट्रेल’ या मुक्कामी पदभ्रमंतीत पाच-सहा पाहुण्यांमागे जवळपास तितकेच वाटाडे आणि एक सशस्त्र वनरक्षक असतो. व्यापारी दृष्टीने हे प्रमाण कोणालाही तोट्याचे वाटेल. परंतु पाहुणे जेथून चालतात तेथे आपोआप गस्तही होते, हा लाभ तिकिटाच्या हिशेबात दिसत नाही. वाघाच्या पंजाचा ठसा किंवा नखांनी ओरबाडलेले खोड दाखविणारा माणूस स्वतः येथे चोरून वावरलेला असतो. निसर्गशिक्षणाच्या कोणत्याही माहितीपत्रकाला ही सर यावयाची नाही.

बँक व्यवसायातील माणसाची नजर साहजिकच पैशाकडे वळते. पर्यटनाचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जमा झाले की ते त्याच जंगलाकडे परत येण्याची शाश्वती नसते. म्हणून २००४ मध्ये ‘पेरियार फाउंडेशन’ स्थापन करण्यात आले. पर्यटकांकडून घेतला जाणारा अधिभार त्याच्याकडे येतो आणि संवर्धन व स्थानिकांच्या विकासासाठी खर्च होतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने असे प्रतिष्ठान प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला बंधनकारक केले, यावरून या प्रयोगाचे मोल कळावे. मन्नान व पळियन या आदिवासी वस्त्यांतील मिरी उत्पादक पूर्वी व्यापाऱ्यांच्या आगाऊ रकमेत अडकलेले असत. पीक हाती येण्यापूर्वीच त्याचा भाव ठरून गेलेला असे. त्यांच्या समित्यांनी ही कर्जे फेडून मिरीची विक्री स्वतःच्या हाती घेतली. ग्रामीण शाखेत काम केलेल्या आमच्या सहकाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

कुमिळी परिसरातील महिलांची ‘वसंत सेना’ तर कोणताही मोबदला न घेता आळीपाळीने जंगलात गस्त घालते.

विद्यार्थ्यांसाठी केरळचे वनखाते निसर्गशिबिरे भरविते. शाळेने त्यासाठी आगाऊ अर्ज करावा लागतो. भ्रमंतीच्या तुकड्या लहान असल्याने सुट्टीच्या दिवसांत जागा लवकर भरतात, तेव्हा आरक्षण आधीच करावे. कपडे मातकट किंवा हिरव्या रंगाचे असावेत, अत्तर टाळावे. पावसाळ्यात जळवा फार. त्यांच्यापासून बचाव करणारे गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे निघण्यापूर्वी वाटाडेच देतात आणि ते कसे बांधावयाचे हेही दाखवितात.