बाग सेवनियाचा उतारू

गोवा एक्स्प्रेसने वा मंगला एक्स्प्रेसने दिल्लीकडे जाणाऱ्या आपल्या प्रवाशास भोपाळ हे वाटेतले एक मोठे स्थानक म्हणून परिचित आहे. परंतु ज्यास तेथे उतरून बाग सेवनियास जावयाचे असते, त्याचा खरा प्रवास फलाटाबाहेर पडल्यावरच सुरू होतो. होशंगाबाद रस्त्यालगतची ही वस्ती शहराच्या दक्षिण अंगास आहे; लागूनच एम्सचे विशाल रुग्णालय. अर्थात या वाटेने जाणाऱ्यांत रुग्ण आणि त्यांचे आप्त पुष्कळ.

याच रस्त्यावरून २०१३ साली मिसरोद ते बैरागढ असा सुमारे २४ किलोमीटरचा, केवळ बसगाड्यांसाठी राखलेला मार्ग सुरू झाला. मोटारींच्या गर्दीत बस अडकू नये, हा त्यामागील विचार योग्यच होता. पुढे कठड्यांमुळे उरलेला रस्ता अपुरा पडतो, अशी ओरड झाली आणि २०२४ च्या जानेवारीत ते कठडे उखडण्यास प्रारंभ झाला. दिल्लीनेही २०१६ मध्ये हेच केले होते. मोटारवाल्यांचा हॉर्न सरकारच्या कानी लवकर जातो; बसमध्ये दांडीला लोंबकळणाऱ्याचे मत विचारण्याची आपल्याकडे रीत नाही!

त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये मेट्रो धावू लागली. सुभाषनगर ते एम्स हा तिचा पहिला टप्पा, स्थानके आठ. राणी कमलापती, म्हणजे २०२१ पूर्वीचे हबीबगंज, येथे उतरणाऱ्याची त्यामुळे सोय झाली. मात्र भोपाळ जंक्शन या टप्प्यात नाही. म्हणजे मंगलेतून तेथे उतरलेल्या रुग्णाने आधी रिक्षा वा बस शोधावयाची, मग मेट्रो गाठावयाची. इतका खटाटोप करण्यापेक्षा तो थेट रिक्षाच करील, आणि रिक्षावाला सांगेल ते भाडे देईल.

भोपाळला हसण्याचा अधिकार आपणांस नाही. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, कदंब महामंडळ तर १९८० पासूनचे. तरीही करमळीस उतरणाऱ्याला राजधानी पणजी आणखी दहा-बारा किलोमीटर दूर असते, आणि हातातील सामान पाहून टॅक्सीवाला दर ठरवितो. प्रत्येक प्रमुख गाडीच्या वेळेस, ती उशिरा आली तरी, कदंबची एक बस स्थानकाबाहेर उभी असावी व तिचे भाडे फलाटावरच लिहिलेले असावे, ही मागणी आम्ही वाहतूक खात्यापुढे ठेवीत आहोत.