कला शाखेचं सर्टिफिकेट हातात आहे, मग गिऱ्हाईक कुठे आहे?

नरखेड, मोवाड, जलालखेड्याकडची कितीतरी मुलं रेल्वेने नागपूर गाठतात, चित्रकला शिकतात आणि डिप्लोमा घेऊन घरी येतात. मग काय? कलाशिक्षकाची जागा निघायची वाट बघत दोन-तीन वर्षं जातात, हात बसतो आणि ब्रश सुकतो. आजच्या व्हिडिओत हेच सांगितलं. इथे ते नीट लिहून देतो.

1. कॉलेजकडून हक्काने मागा

फी भरली म्हणजे फक्त वर्ग मिळाले असं समजू नका. विद्यार्थी असताना इंटर्नशिप, पोर्टफोलिओ तपासून देणं, प्रदर्शनाची माहिती हे विचारा. बाहेर पडल्यावरही शिफारसपत्र, माजी विद्यार्थ्यांचे नंबर, ग्रंथालय वापरायची परवानगी विचारा. प्रत्येक कॉलेजात सगळं मिळेलच असं नाही, पण न विचारणाऱ्याला काहीच मिळत नाही. पहिलं काम बहुतेक वेळा वरच्या बॅचच्या दादा-ताईकडूनच येतं.

कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि व्यावसायिक असे वेगळे विभाग असतात. नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे हस्तकला मेळा भरतो. आधी बघायला जा, पुढच्या वर्षी स्टॉलची चौकशी करा.

2. दर ठरवायला शिका

समजा, शाळेच्या 'बोलक्या भिंती' रंगवायचं काम आलं, 400 चौरस फूट. (आकडे उदाहरणापुरते.)

- रंग, ब्रश: ₹6,000
- मदतनीस, 4 दिवस × ₹600: ₹2,400
- परांची, गाडीभाडं: ₹1,200
- तुमची मजुरी, 5 दिवस × ₹1,000: ₹5,000

एकूण ₹14,600. त्यावर 15 टक्के नफा धरला की ₹16,790, म्हणजे फुटाला साधारण ₹42.

आता तुम्ही लाजेखातर ₹30 दर सांगितला तर मिळाले ₹12,000. बाकी खर्च ₹9,600 जाऊन तुमच्या हातात उरले ₹2,400. दिवसाला ₹480! मदतनीस ₹600 घेऊन घरी गेला आणि कलाकार त्याच्यापेक्षा कमी घेऊन गेला. नफा तर सोडाच. म्हणून आधी हिशोब करा, मग तोंड उघडा. निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका.

3. दोन ओळींचा करार

हे फार कमी जणांना माहीत असतं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे, कोणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक ठरतो. समजा, संत्रा व्यापाऱ्याला पेटीसाठी एक चित्र काढून दिलं. उद्या त्याने ते कॅलेंडरवर, टी-शर्टवर छापलं तर तुम्ही बोलणार काय? 'चित्र फक्त पेटीसाठी, कॉपीराइट चित्रकाराचा' एवढं बिलावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या.

4. भांडवल

- उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.
- पीएम विश्वकर्मा योजना (2023) 18 व्यवसायांसाठी आहे. मूर्तिकार, कुंभार, बाहुल्या-खेळणी करणारे त्यात बसतात. अवजारांसाठी ₹15,000 पर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ₹1 लाखापर्यंत कर्ज, 5 टक्के व्याजाने.
- भिंती रंगवणारा पेंटर त्या 18 मध्ये नाही. त्याने बँकेत मुद्रा 'शिशु' कर्ज विचारावं: ₹50,000 पर्यंत, विनातारण.

पण कर्जाआधी गिऱ्हाईक, हा क्रम उलटा करू नका.

या आठवड्याचं काम

केलेल्या कामांपैकी दहा चांगले फोटो निवडा. तीन माजी विद्यार्थ्यांना फोन करून विचारा, "पहिलं काम कसं मिळालं?" आणि वरचा हिशोब तुमच्या गावातले दर घालून वहीत पुन्हा मांडा. जागा निघेल तेव्हा अर्ज जरूर करा, पण तोवर ब्रश सुकू देऊ नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!