उमेदवारी आणि मुलाखत

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही महाविद्यालयाची वाट धरतात. काहींस मात्र घरची स्थिती पाहून लागलीच चार पैसे मिळविण्याचा विचार करावा लागतो. पाथर्डी-शेवगावकडील ज्या घरांतील वडीलधारी माणसे ऊसतोडीसाठी कित्येक महिने परमुलखी असतात, तेथे मुलाची पहिली कमाई म्हणजे केवळ कौतुकाची वार्ता नसून संसाराचा आधार असतो. अशा विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम 'उमेदवार' हा शब्दच पाहू. 'उमेद' म्हणजे आशा. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. पूर्वी कचेरीत जागा रिकामी होण्याच्या आशेवर जो बिनपगारी काम शिकत राही, तो उमेदवार. ती बिनपगारी रीत आता कोणी इच्छिणार नाही. परंतु काम मागण्यापूर्वी काम शिकावे, हे तिच्यातील मर्म आजही खरे आहे. आमच्या नगर शहराची तर ही जुनी ओळख आहे. १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा चालवू लागलेल्या सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे येथे मिस फॅरार यांच्याकडे घेतले होते. पुढे १८९१ साली अमेरिकन मराठी मिशनने येथे सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा काढली, ती मुलांच्या हातांस पोटापाण्याचे कसब यावे म्हणूनच. यास्तव दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये एखादा व्यवसाय शिकणे, अथवा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे एखाद्या कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकणे, यात कमीपणा मुळीच नाही.

वयाविषयीही पालकांनी सावध असावे. १९८६ चा बालमजुरीविरोधी कायदा २०१६ साली सुधारण्यात आला. त्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलास नोकरीस ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरा या वयातील मुलांस खाणी, स्फोटक द्रव्ये व अन्य धोक्याच्या कामांवर घेण्यास मनाई आहे. तेव्हा दोन पैसे अधिक मिळावेत म्हणून मुलाचे वय वाढवून सांगू नये. त्या असत्याची किंमत कदाचित मुलाच्या हातापायांस मोजावी लागेल.

आता काम शोधावे कसे? आपल्या लोकांचा भरवसा वशिल्यावर फार. ओळखीच्या माणसास 'मला काम पाहिजे' असे सांगण्यात गैर काही नाही. जागा रिकामी झाल्याचे पुष्कळदा असेच कळते. पण वशिला दारापर्यंत पोहोचवितो. आत टिकविण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते. नागापूरची किंवा सुप्याची औद्योगिक वसाहत, छापखाने, दवाखाने, दुकाने, पतसंस्था, अशा ठिकाणी आपण होऊन जावे, नम्रपणे चौकशी करावी व अर्ज द्यावा. अर्ज एका पानाचा, सुवाच्य व स्वतः लिहिलेला असावा. त्यात नाव, पत्ता, शिक्षण, कोणते काम हवे आणि त्यातले आपणांस काय येते, एवढे असले म्हणजे पुरे. जे येत नाही ते येते म्हणून लिहू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.

मुलाखत ही तोंडी परीक्षा आहे अशी मुलांची समजूत असते. ती पुरती खरी नाही. समोरच्या गृहस्थास बहुधा तीनच गोष्टी जाणावयाच्या असतात : हा मुलगा वेळेवर येईल काय, सांगितलेले शिकेल काय, आणि याच्या हाती वस्तू वा पैसा निर्धास्तपणे देता येईल काय. प्रश्न कोणताही असो, उत्तर या तिहींपैकी कशाला तरी लागू पडावे. 'मी फार कष्टाळू आहे' असे कोणीही म्हणेल. 'मी दोन वर्षे पहाटे डेअरीत दूध घालून वेळेवर शाळेत येत असे' हे वाक्य ऐकणाऱ्यास पटते. 'वडील काय करतात?' असे विचारल्यास 'ऊसतोडीस जातात' असे सरळ सांगावे. ज्या मुलीने आईबाप कारखान्यावर असताना धाकट्या भावंडांस सांभाळून परीक्षा दिली, तिने जबाबदारीचा याहून मोठा दाखला कोठून आणावा? ते सांगताना मान खाली जाण्याचे कारण नाही. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर 'हे मला येत नाही, पण शिकेन' असे म्हणावे. कपडे साधे पण धुतलेले असावेत, ठरल्या वेळेच्या थोडे आधी पोहोचावे, आणि भ्रमणध्वनी बंद ठेवावा.

मुलाखतीत उमेदवारानेही विचारावयाचे असते. पगार किती व कोणत्या तारखेस, कामाचे तास किती, सुटी कोणत्या दिवशी, हे विचारणे उद्धटपणा नव्हे. ठरलेले लेखी मिळाल्यास अधिक बरे. 'अगोदर अनामत भरा, मग नोकरी' असे जो म्हणेल, मग तो समक्ष भेटो की भ्रमणध्वनीवरून निरोप धाडो, त्यास एक पैसाही देऊ नये. गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती द्याव्यात. मूळ कागद दाखवून परत घ्यावेत. मूळ दाखला दुसऱ्याच्या कपाटात अडकला, की मुलगाही तेथेच अडकतो. मुलींच्या बाबतीत पालकांनी कामाची जागा स्वतः पाहावी. पण पाहून झाल्यावर विनाकारण वाट अडवू नये.

नकार आला तर तो त्या जागेपुरता समजावा. कोणता प्रश्न अडला हे घरी येऊन टिपून ठेवावे, व पुढच्या खेपेस त्याची तयारी करून जावे. नोकरी मिळाली तरी शिक्षणाचे दार लावून घेऊ नये. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बारावीस बसता येते. मालकाशी बोलताना परीक्षेच्या रजेची गोष्ट आधीच काढून ठेवावी.

चाकरांस द्रव्य सोपवून परदेशी गेलेल्या धन्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांनी ऐकलेलाच आहे. त्यात प्रत्येकास किती मिळाले यापेक्षा, मिळालेल्याचे त्याने काय केले याची विचारपूस झाली. पहिली नोकरी लहानच असते. ती चोख करणाऱ्याविषयी चार माणसे चांगले बोलू लागतात, आणि पुढच्या कामाकरिता त्याहून उत्तम शिफारस नाही.