लुगड्याच्या गाठीखाली

बाजाराच्या दिवशी सावनेरच्या माझ्या दवाखान्यात आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या येतात. खोकला, गुडघे, डोळे, सारे सांगून होते. उठता उठता एखादी पदर सावरीत म्हणते, "कमरेले थोडं खाजते जी. काही नाही, लुगड्याचा घट्टा होय तो." मला धास्ती वाटते ती या 'काही नाही'ची.

पन्नास-साठ वर्षे कमरेच्या त्याच रेषेवर गाठ आवळली जाते. त्यात विदर्भाचा उन्हाळा, घाम, धूळ. कातडी काळवंडते, कुठे पांढरी पडते, खपल्या धरते, चिरते. बहुतेकींचे तेवढ्यावर थांबते. क्वचित एखादीची चीर भरतच नाही, कडा जाड होतात आणि तिथे कर्करोग मूळ धरतो.

हे नवे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच 'धोती कॅन्सर'वर लिहून ठेवले आहे. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकीला परकराची नाडी भोवली, दुसरीला लुगडे. दुसरीचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. तेव्हा 'साडी कॅन्सर'चे मथळे झळकले. दोष बिचाऱ्या साडीचा नाही, आवळण्याचा आहे.

निदान चुकते ते दिसण्यामुळे. गजकर्ण, इसब, कातडीचा क्षय, सारे वरून सारखेच. मग मलमांच्या नळ्या संपत राहतात. महिना-दीड महिना उपचार करूनही जखम भरली नाही, तर तुकडा काढून तपासायलाच हवा. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा तुकडा घेतात, लगतच्या चांगल्या कातडीसह; मधला भाग पुष्कळदा मेलेला असतो, तो काही सांगत नाही. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही घरोघरची भीती खोटी आहे. उलट, लवकर कळले तर तेवढा भाग कापून काढला की बहुधा भागते. त्यासाठी नागपूर इथून तासाभरावर आहे.

खरी अडचण लाजेची. डॉक्टर पुरुष असला की आजीबाई कमर दाखवत नाहीत. सुनेने, नातीने न्हाऊ घालताना सहज पाहावे. नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी, गाठ सैल ठेवावी, जागा बदलावी. हे सारे मी एका आजींना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अन् वावरात सुटलं म्हणजे जी?"