आजीची माळ मोडायला निघालात?

फोनवर सोन्याचा भाव बघितला, माळेच्या वजनाशी गुणाकार केला आणि निघालात सराफाकडे? गडबड तिथेच होते. तो भाव बहुतेकदा 24 कॅरेटचा असतो. तुमची 10 ग्रॅमची माळ 22 कॅरेटची असेल, तर शुद्ध सोनं 9.16 ग्रॅम, 18 कॅरेटची असेल तर जेमतेम साडेसात. घेताना भरलेली मजुरी आणि 3 टक्के जीएसटी तर विसराच.

त्यात पुन्हा ‘घट’. खडे, काळे मणी, कोल्हापुरी साजातली लाख यांचं वजन वजा होणार, ते रास्तच आहे. पण ‘आत जाऊन वितळवून आणतो’ म्हणाले, तर तुम्हीही उठा. मी संकोचाने बसून राहिलो होतो. बाहेर आली ती लगड, आणि आकडा ते सांगतील तो! म्हणून आधी दोन-तीन दुकानांत कॅरेटमीटरवर शुद्धता बघा, भाव विचारा, मगच वितळवू द्या. वजन आधी आणि नंतर, तुमच्यासमोर. दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असेल, तर बीआयएस केअर ॲपवर शुद्धता तपासता येते.

आणि रोख? आयकराच्या नियमांमुळे पक्का सराफ सहसा दहा हजारांपुढे रोख देत नाही, खात्यात टाकतो. ‘सगळे रोख देतो, पावती कशाला?’ असं कुणी म्हणालं, की माळ परत पिशवीत.