गिटारवरील लेप आणि त्याची दुरुस्ती

जबलपूरहून मंडला किंवा सिवनीकडे जाणाऱ्या प्रवाशाला फाल्गुन महिन्यात फुललेला पळस वाटेत जागोजागी भेटतो. त्याच झाडाच्या काही फांद्यांवर तांबूस, खडबडीत असा एक थर बसलेला असतो. फुलांकडे सर्वांची दृष्टी जाते. या थराकडे क्वचितच कोणी पाहतो. हा थर म्हणजे लाख. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांचा रस शोषून घेतो आणि आपल्या अंगाभोवती राळेचे कवच निर्माण करतो. शास्त्रज्ञ या किड्यास ‘केरिया लॅक्का’ असे म्हणतात. फांद्यांवरून खरवडलेली लाख धुऊन, वितळवून आणि पातळ ताणून तिचा चपडा करतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चढविला म्हणजे जी चकाकी येते, तीच आपल्या परिचयाची लाखेच्या पॉलिशची चकाकी होय.

मिरजेचे तंबोरे व सतारी यांवर हे पॉलिश फार दिवसांपासून चढविले जात आहे. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. युरोप-अमेरिकेतील गिटारी बनविणारे कारागीरही एके काळी हाच चपडा वापरीत. पुढे १९२० नंतरच्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे लवकर वाळणारे लॅकर आले आणि त्यानंतर पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर यांचे कठीण लेप आले. आज जबलपुरातील एखाद्या शाळेच्या संगीतवर्गात भिंतीशी टेकून ठेवलेली गिटार आणि घरातील जुना तंबोरा हे दोन्ही सारखेच चकाकतात. पण त्यांची चकाकी एकाच द्रव्याची असेल असे नाही. लेपाची दुरुस्ती करू पाहणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. वाद्याची हानी बहुधा ओरखड्याने होत नाही. ओरखडा घालविण्याच्या चुकीच्या उपायाने होते.

लेपाचे कार्य

लाकडावरील लेप दोन कामे करतो. तो घाम, मळ व धूळ यांपासून लाकडाचे रक्षण करतो आणि लाकडाच्या रेषा उठावदार करतो. दमट हवा मात्र तो पूर्णपणे रोखू शकत नाही. गिटारच्या आत हात घालून पाहिल्यास आतील लाकूड बहुधा कोरेच ठेवलेले आढळते. त्यामुळे बाहेर कितीही जाड लेप दिला, तरी आतल्या बाजूने लाकूड हवेतील ओलावा घेत व सोडत राहते.

लेप जाड असणे हिताचेही नाही. गिटारची पुढची फळी तारांच्या कंपनाबरोबर कंप पावते आणि तिच्यामुळेच आवाज मोठा होतो. फळी केवळ दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर जड थर चढविल्यास तिचे वजन वाढते व कंपने लवकर विझतात. लाखेचा उत्तम थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही पातळ असतो. म्हणून दुरुस्तीच्या नावाखाली थरावर थर चढवीत जाणे म्हणजे रूपासाठी आवाज गमावणे होय.

ओरखडा पांढरा का दिसतो

गुळगुळीत लेपावर पडलेला प्रकाश आरशाप्रमाणे एका दिशेने परत फिरतो. उरलेला भाग लेपातून आत शिरून लाकडाचा रंग दाखवितो. ओरखड्याच्या जागी पृष्ठभाग खडबडीत होतो व प्रकाश चहूकडे विखुरतो. म्हणूनच पारदर्शक काच कुटली म्हणजे पांढरी दिसते आणि पारदर्शक लेपावरील ओरखडाही पांढरा दिसतो.

याचे मूळ वक्रीभवनांकाच्या फरकात आहे. हवेचा वक्रीभवनांक जवळजवळ १ आहे, पाण्याचा १.३३ आहे आणि लाखेचा सुमारे १.५ आहे. ओरखड्यात हवेऐवजी पाणी भरले, तर फरक कमी होतो व पांढरेपणा मावळतो. यावरून एक सोपी परीक्षा करता येते. ओलसर बोट ओरखड्यावरून फिरवावे व जागा लगेच कोरडी पुसावी. ओल्या अवस्थेत ओरखडा दिसेनासा झाला, तर लाकूड बहुधा शाबूत आहे आणि खाच योग्य द्रव्याने भरल्यास ती अदृश्य होईल असे समजावे. काळी रेघ तशीच राहिली, तर मळ आत शिरला आहे किंवा लाकडाचे तंतू तुटले आहेत.

लेप कोणता, हे कसे ओळखावे

दांडीच्या टाचेखाली किंवा अशाच एखाद्या आडबाजूच्या जागी कापसाच्या काडीने स्पिरिटचा लहानसा थेंब लावावा. काही क्षणांत लेप चिकट झाला, तर तो लाखेचा आहे. स्पिरिटचा विशेष परिणाम झाला नाही, परंतु लॅकरच्या थिनरने लेप मऊ पडला, तर तो नायट्रोसेल्युलोजचा असण्याचा संभव अधिक. दोन्हींना दाद न देणारा कठीण, जाड लेप बहुधा पॉलियुरेथेनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो.

या भेदाचे कारण रेणूंच्या रचनेत आहे. लाख व नायट्रोसेल्युलोज यांचे लेप केवळ विद्रावक उडून गेल्याने वाळतात. विद्रावक पुन्हा मिळताच ते पुन्हा विरघळतात. त्यामुळे नवा थर जुन्या थरात विरून एकजीव होतो. पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर यांचे रेणू मात्र वाळताना परस्परांशी कायमचे जोडले जातात. त्यांवर लावलेला नवा थर जुन्यात मिसळत नाही. तो वर नुसता चिकटतो आणि जोडाची रेघ बारीक का होईना, राहते.

हानीचे प्रकार व उपाय

वरवरचा ओरखडा. नखास न लागणारा ओरखडा लेपाच्या पृष्ठभागापुरताच असतो. तेथे काहीही भरावयाचे नसते. अतिसूक्ष्म कणांचे पॉलिश मऊ कापडाने हलक्या हाताने घासल्यास खडबडीत कडा सपाट होतात व चकाकी परत येते. प्रत्येक घासणीबरोबर लेपाचा थोडा अंश झिजतो, हे मात्र विसरू नये.

खोल ओरखडा. नख अडकेल अशी खाच त्याच जातीच्या लेपाने भरावी लागते. लाखेच्या लेपासाठी ताजे द्रावण घ्यावे. जुनाट द्रावणाचा थर नीट वाळत नाही व चिकट राहतो. बारीक कुंचल्याने खाचेत थेंब सोडावा, तो वाळू द्यावा, मग दुसरा सोडावा. वाळताना द्रावण आक्रसते, म्हणून भरलेला भाग शेवटी किंचित उंच राहावा. काही दिवस तो तसाच ठेवून नंतर अत्यंत बारीक पॉलिश पेपरने, तेलाचा हात लावून, सपाट करावा. शेवटी कापसाची गोळी सुती कापडात बांधून केलेल्या पुरचुंडीने पातळ द्रावणाचे हलके हात फिरवावेत. पॉलियुरेथेनच्या लेपातील खाच सायनोॲक्रिलेट गोंदाच्या थेंबांनी भरतात. तीच पद्धत, फक्त द्रव्य वेगळे.

पोचा. आघाताने लाकूड दबते, पण तंतू तुटलेले नसतात. लेप उडालेल्या जागी ओलसर कापड ठेवून त्यावर गरम लोखंड क्षणभर टेकविल्यास वाफेने तंतू फुगून पुष्कळदा वर येतात. लेप शाबूत असेल, तर हा उपाय करू नये. लाख ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते आणि वाफेने पांढरी होते. लहानशा पोच्याच्या जागी मोठा डाग उरतो.

तडा. हा सर्वांत फसवा प्रकार आहे. लेपाचा तडा व लाकडाचा तडा वरून सारखेच दिसतात. लहान आरसा व विजेरी यांच्या साहाय्याने आतून पाहावे. आतही रेघ दिसल्यास लाकूड फाटले आहे. पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम असतो. फाटलेल्या फळीवर तो सतत पडत राहिला, तर तडा वाढत जातो. अशा वेळी तारा सैल करून वाद्य जाणत्या कारागिराकडे द्यावे. तड्यावर नुसती चकाकी चढविणे म्हणजे जखमेवर रंग लावण्यासारखे आहे.

जबलपूरची हवा आणि कामाचा मोसम

जबलपूर येथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो व हवा अत्यंत कोरडी होते. जुलै-ऑगस्टमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात पावसाची झड लागते आणि हवा ओलाव्याने जड होते. लाकूड उन्हाळ्यात आक्रसते व पावसाळ्यात फुगते. हा बदल तंतूंच्या लांबीपेक्षा रुंदीत पुष्कळ अधिक असतो. लेपाला ही ओढाताण सोसत नाही, तेव्हा त्यास बारीक तडे जातात.

पावसाळ्यात लाखेचे पॉलिश केल्यास ते कित्येकदा दुधासारखे पांढरे पडते. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. थंड झालेल्या पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे दव जमते आणि त्याचे सूक्ष्म कण ओल्या लेपात अडकतात. ओरखड्याप्रमाणेच हे कण प्रकाश विखुरतात. कोरड्या दिवशी किंचित स्पिरिट लावलेली पुरचुंडी हलकेच फिरवल्यास लेप पुन्हा क्षणभर विरघळतो, पाणी निघून जाते व डाग मावळतो. तथापि पॉलिशचे काम दसऱ्यापासून होळीपर्यंतच्या कोरड्या, सौम्य दिवसांत करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. वाद्य ठेवण्याच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखता आली, तर दुरुस्तीचे प्रसंगही कमी येतात.

काही सावधगिरी

मिथिलेटेड स्पिरिट विषारी असते व झटकन पेट घेते. त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात नीट दिसतही नाही. काम मोकळ्या हवेत, चूल व बिडी-काडी यांपासून दूर आणि शाळेत असल्यास शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटू शकतात. सिलिकोनयुक्त पॉलिश वाद्यास लावू नये, कारण त्यानंतर नवा लेप नीट बसत नाही. डास पळविणाऱ्या कित्येक मलमांत डीट नावाचे द्रव्य असते. ते लेप मऊ करते. म्हणून असे मलम लावलेला हात धुतल्यावाचून वाद्यास हात लावू नये. तंबोरा किंवा सतार असेल, तर तिच्या घोडीवर पॉलिशचा थेंबही पडू देऊ नये. तारेची जवारी त्या पृष्ठभागाच्या नाजूक उतारावर अवलंबून असते.

लाखेचा मोठा गुण असा की तिच्यावर केलेले काम पुन्हा उलटविता येते. एका कारागिराची चूक दुसऱ्यास स्पिरिटच्या साहाय्याने सुधारता येते. दुरुस्तीचे सामान्य तत्त्वही येथेच सापडते : आधी द्रव्य ओळखावे, त्याच जातीच्या द्रव्याने काम करावे, आवश्यक तेवढेच करावे आणि शक्य तोवर जे परत फिरविता येईल तेच करावे. वादकाच्या मनगटाने वर्षानुवर्षे झिजलेली जागा हा दोष नव्हे. आवाज शाबूत असेल व लाकूड सुरक्षित असेल, तर अशी जागा आहे तशी राहू देणे हीदेखील वाद्याची सेवाच आहे.